घोट्यापर्यंत अडवा, मग सोडून द्या



सूरह मुल्कच्या अखेरच्या आयतीत (६७:३०) अल्लाह माणसाला एक प्रश्न विचारतो. तुमचे पाणी जमिनीत खोल निघून गेले तर वाहते पाणी तुम्हाला कोण आणून देईल, असा त्या प्रश्नाचा आशय आहे. पुष्कळ घरांत ही सूरह रोज रात्री निजण्यापूर्वी पढली जाते. परंतु नदीच्या काठी उभे राहून हा प्रश्न स्वतःला विचारण्याचा प्रसंग आपल्यावर क्वचितच येतो.

कर्जत आणि दहिवली यांच्यामधून उल्हास नदी वाहते. जुलै महिन्यात तिच्या पुलावर उभे राहिले, तर राजमाचीच्या डोंगरांतून आलेले गढूळ पाणी दोन्ही काठ भरून धावताना दिसते. तीच नदी उन्हाळ्यात पाहिली, तर उघडे पडलेले खडक, मधूनमधून साचलेले डोह आणि त्यांच्या कडेला अडकलेल्या प्लॅस्टिकच्या पिशव्या नजरेस पडतात. एकच नदी, एकच पात्र. तरी तिची अशी दोन रूपे का व्हावीत? पावसाळा आणि उन्हाळा हे त्याचे एक कारण आहे. दुसरे कारण मात्र आपल्या हातांनी केलेल्या कामांत आहे. प्रस्तुत पाठात या दुसऱ्या कारणाचा विचार करावयाचा आहे.

मदीनेतील एक वाद

सहीह बुखारी व सहीह मुस्लिम या दोन्ही संग्रहांत एका वादाची हकीकत आली आहे. मदीनेच्या बाहेर हर्रा नावाचा काळ्या दगडांचा प्रदेश आहे. तेथून येणाऱ्या ओहोळांवर लोक खजुरीच्या बागा भिजवीत. हजरत जुबैर (रजि.) यांची बाग वरच्या अंगाला होती आणि एका अन्सारी गृहस्थाची खालच्या अंगाला. पाणी अडवू नका, वाहू द्या, असे अन्सारींचे म्हणणे होते. हजरत जुबैर (रजि.) यांना आधी आपली झाडे भिजवावयाची होती. वाद प्रेषित मुहम्मद (स.) यांच्यापुढे आला. आपण आधी आपली बाग भिजवावी आणि मग पाणी शेजाऱ्याकडे सोडून द्यावे, असे प्रेषितांनी (स.) हजरत जुबैर (रजि.) यांना सांगितले.

हा निवाडा अन्सारींना रुचला नाही. जुबैर (रजि.) हे प्रेषितांचे (स.) आत्तेभाऊ, म्हणून निकाल त्यांच्या बाजूने लागला, असे ते बोलून गेले. प्रेषितांच्या (स.) चेहऱ्याचा रंग पालटला. मग त्यांनी हजरत जुबैर (रजि.) यांना त्यांचा पूर्ण हक्क घेण्यास सांगितले : पाणी बागेच्या बांधापर्यंत चढेपर्यंत अडवून धरावे. ही मर्यादा लोकांनी मोजून पाहिली तेव्हा ती घोट्यापर्यंत भरली, असे रावींनी नमूद केले आहे. मदीनेच्या महजूर नावाच्या ओढ्याबाबतही असाच निर्णय सुनन अबू दाऊदमध्ये आढळतो : घोट्यापर्यंत पाणी अडवावे, नंतर वरच्याने ते खालच्यासाठी सोडून द्यावे.

या हकीकतीकडे बारकाईने पाहा. पहिला निवाडा सलोख्याचा होता, त्यात हजरत जुबैर (रजि.) यांनी आपल्या हक्कापेक्षा कमी घ्यावयाचे होते. दुसरा निवाडा पूर्ण हक्काचा होता. परंतु या पूर्ण हक्कालाही सीमा आहे, आणि ती सीमा माणसाच्या घोट्याइतकी आहे.

तीन सूत्रे

या निवाड्यांतून तीन सूत्रे हाती येतात.

पहिले सूत्र असे की पाणी अडविणे निषिद्ध नाही. शेती, तहान आणि वस्ती यांच्या गरजेपुरता बंधारा घालणे हा माणसाचा हक्क आहे. इस्लाम नदीकडे हात न लावण्याची वस्तू म्हणून पाहत नाही.

दुसरे सूत्र असे की बंधारा ही मालकी नव्हे; ती गरजेपुरती परवानगी आहे. गरज भागली की परवानगी संपते. पाणी, गवत आणि अग्नी या तीन गोष्टींत सर्वजण भागीदार आहेत, या आशयाची हदीस प्रसिद्ध आहे. गरजेहून अधिक असलेले पाणी रोखून धरण्यासही प्रेषितांनी (स.) मनाई केली आहे.

तिसरे सूत्र शेजाऱ्याविषयी आहे. नदीवर शेजारी म्हणजे केवळ भिंतीला भिंत लागून राहणारा नव्हे. प्रवाहाच्या खालच्या अंगाला राहणारा प्रत्येक जीव आपला शेजारी आहे. दहिवलीहून निघालेले पाणी नेरळ-वांगणीवरून बदलापूर आणि पुढे कल्याणला जाऊन अखेर वसईच्या खाडीला मिळते. बदलापूर, अंबरनाथ, उल्हासनगर, कल्याण-डोंबिवली येथील लाखो कुटुंबे याच नदीचे पाणी पितात. आपण त्यांना ओळखत नाही, परंतु हजरत जुबैर (रजि.) यांच्या बागेखाली अन्सारींची बाग होती, तशी आपल्या गावाखाली त्यांची घरे आहेत.

नदीचे इतर भागीदार

आता प्रश्न येतो, की नदीच्या पाण्यात भागीदारी फक्त माणसांची आहे काय? हजरत सालेह (अ.) यांच्या कौमची हकीकत आठवा. त्या लोकांना सांगण्यात आले होते की पाणी पिण्याची एक पाळी या सांडणीची आणि एक ठरलेला दिवस तुमचा (२६:१५५). पाण्यातील मुक्या जनावराचा वाटा अल्लाहने स्वतः ठरवून दिला. त्या कौमने सांडणीला ठार केले आणि स्वतःचा नाश ओढवून घेतला. सूरह अन्आममध्ये (६:३८) जमिनीवर चालणारे व पंखांनी उडणारे जीव हेही तुमच्यासारखेच समुदाय आहेत, असे सांगितले आहे.

आपल्या भागातील जुन्या माणसांना ‘वलगण’ हा शब्द ठाऊक आहे. मृगाचा पहिला जोराचा पाऊस पडला की अंड्यांनी भरलेले मासे प्रवाहाविरुद्ध वर चढू लागतात; नदीतून ओढ्यात, ओढ्यातून भातखाचरात शिरतात आणि तेथे अंडी घालतात. हे चढणीचे मासे जेथे अडतात, तेथे त्यांची पुढील पिढी खुंटते. गोड्या पाण्यातील वाम मासळीचा प्रवास याच्या उलट आहे. ती अंडी घालण्यासाठी समुद्रात जाते आणि तिची पिल्ले खाडीतून नदीत चढून येतात. तिच्यासाठी डोंगरापासून समुद्रापर्यंतचा मार्ग मोकळा असणे हा जगण्या-मरण्याचा प्रश्न आहे. पावसाळ्यात न उघडलेला एखादा बंधारा किंवा नळ्या बुजलेली एखादी मोरी हा मार्ग बंद करते. माणसाला कंबरभर उंचीची भिंत किरकोळ वाटते. बोटभर माशाला तोच डोंगर होतो.

सबाचे धरण

कुरआनमध्ये एका धरणाची हकीकत आली आहे. सबाच्या लोकांना उजवीकडे व डावीकडे दोन बागा लाभल्या होत्या. आपल्या पालनकर्त्याने दिलेले खावे आणि त्याचे आभार मानावेत, एवढीच त्यांच्याकडून अपेक्षा होती. त्यांनी तोंड फिरविले. तेव्हा त्यांच्यावर ‘अरिम’चा पूर सोडण्यात आला आणि बागांच्या जागी कडू फळे, झाऊ आणि थोडी बोरीची झाडे उरली (३४:१५-१६). हे धरण यमनमधील मारिब येथे होते. त्याचे अवशेष आजही उभे आहेत. ते अनेकदा फुटले व अनेकदा दुरुस्त झाले, हे तेथील शिलालेखांवरून कळते. इसवी सन ५४८ मधील एक शिलालेख अब्रहाचा आहे, ज्याचे नाव हत्तीवाल्यांच्या प्रसंगात घेतले जाते. त्यानंतर काही दशकांतच ते धरण कायमचे निकामी झाले.

या आयतींचा मुख्य विषय कृतघ्नता हा आहे, अभियांत्रिकी नव्हे. तरीही विचारी वाचकास त्यातून एक गोष्ट उमगते : माणसाने बांधलेली कोणतीही भिंत सदासर्वकाळ टिकत नाही. तिचे आयुष्य ठरलेले असते आणि तिची निगराणी ही अमानत असते. २ जुलै २०१९ च्या रात्री चिपळूण तालुक्यातील तिवरे धरण फुटले आणि वीसहून अधिक माणसे वाहून गेली. धरणाच्या गळतीविषयी गावकऱ्यांनी आधीच तक्रारी केल्या होत्या, असे तेव्हा प्रसिद्ध झाले. देशात सर्वाधिक मोठी धरणे आपल्या महाराष्ट्रात आहेत आणि ती वर्षागणिक जुनी होत आहेत. २०२१ साली केंद्र शासनाने धरण सुरक्षा कायदा केला, तो याच काळजीपोटी. मात्र गावोगावचे लहान बंधारे त्या कायद्याच्या कक्षेत येत नाहीत. त्यांची राखण गावानेच करावयाची आहे.

जेथे भिंती उतरविल्या गेल्या

जुने झालेले धरण फुटण्याची वाट पाहण्याऐवजी ते विचारपूर्वक उतरविता येते, हे गेल्या काही दशकांत जगाने अनुभवले आहे.

अमेरिकेच्या वायव्य टोकाला एल्वा नावाची नदी आहे. तिच्यावर १९१३ आणि १९२७ साली दोन वीजधरणे पूर्ण झाली. माशांना वर चढण्यासाठी कोणतीही वाट ठेवली नव्हती. पहिले धरण नदीच्या मुखापासून सुमारे ८ किलोमीटरवर होते, त्यामुळे समुद्रातून परतणाऱ्या सामन माशांना तेवढीच नदी उरली. काठावरच्या क्लॅलम आदिवासींचे जीवन या माशांवर अवलंबून होते. १९९२ साली नदी पूर्ववत करण्याचा कायदा झाला. २०११ च्या सप्टेंबरमध्ये भिंती उतरविण्यास सुरुवात झाली आणि २०१४ मध्ये काम संपले. धरणांमागे शतकभर अडकलेला गाळ आणि वाळू खाली वाहून गेली, समुद्रकाठी नवा किनारा तयार झाला आणि मासे वरच्या खोऱ्यात पुन्हा पोहोचले.

त्याच देशातील क्लॅमथ नदीवरील चार धरणे २०२४ साली पूर्णपणे उतरविण्यात आली. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये धरणांच्या जुन्या जागा ओलांडून सामन मासे वर गेल्याचे आढळले. फ्रान्समध्ये सेलून नदीवरील ३६ मीटर उंचीचे वेझां धरण असेच काढण्यात आले.

या भिंती कोणी रागाच्या भरात पाडल्या नाहीत. मिळणारी वीज थोडी, दुरुस्तीचा खर्च मोठा आणि नदीचे नुकसान त्याहून मोठे, असा हिशेब मांडून, वर्षानुवर्षे विचारविनिमय करून, पाणी टप्प्याटप्प्याने सोडून ते काम केले गेले. गरज संपली, म्हणून परवानगी संपली. मदीनेतील ओहोळाचा नियम त्या लोकांना ठाऊक असो वा नसो, त्यांनी आचरिलेले तत्त्व त्याच्याशी जुळते.

मग सारी धरणे काढावयाची काय?

असा अर्थ कोणी काढू नये. इस्लाम मध्यम मार्ग शिकवितो आणि आपल्याच भागातील वस्तुस्थितीही हेच सांगते. १९२२ पासून चालत असलेल्या टाटांच्या भिवपुरी वीजगृहातून बाहेर पडणारे पाणी पेज नदीत येते आणि पुढे उल्हासला मिळते. खालापूर तालुक्यात खोपोलीच्या वीजगृहाचे पाणी पाताळगंगेत उतरते. उन्हाळ्यात या नद्यांच्या खालच्या भागात जे पाणी खेळते, त्याचा मोठा वाटा सह्याद्रीच्या पलीकडील धरणांतून आलेला आहे. भिवपुरीचे पाणी मुळात आंध्रा नदीचे, म्हणजे इंद्रायणी-भीमेच्या खोऱ्याचे. ते इकडे आले, म्हणजे कोणाच्या तरी वाट्यातून आले. अशा पाण्याचा एक थेंबही वाया घालविताना आपल्याला संकोच वाटला पाहिजे.

नवे धरण बांधतानाही हीच तराजू हाती धरावी. उल्हासच्या वरच्या खोऱ्यात कोंढाणे येथे आखलेला धरण प्रकल्प गैरव्यवहाराच्या आरोपांमुळे उच्च न्यायालयापर्यंत गेला आणि रखडला. पुढे नवी मुंबई परिसराच्या पाण्यासाठी तो सिडकोकडे सोपविण्यात आला. अशा कोणत्याही प्रकल्पाविषयी श्रद्धावंताने तीन प्रश्न विचारावेत. गरज खरी आहे काय, आणि असल्यास किती? ज्यांची घरे व शेते पाण्याखाली जातील त्यांचा हक्क त्यांना आधी मिळाला आहे काय? आणि घोट्यापर्यंत अडविल्यानंतर खालच्यांसाठी, म्हणजे माणसांसाठी व माशांसाठी, पाणी सुटणार आहे काय? कोणी कोणास इजा करू नये आणि इजेचा बदला इजेनेही घेऊ नये, हा हदीसमधील नियम या तिन्ही प्रश्नांच्या मुळाशी आहे.

आपल्या हातातील भिंती

मोठ्या धरणांचे निर्णय आपल्या हाती नसतील. परंतु लहान भिंती आपल्याच दारी आहेत.

कोल्हापूर पद्धतीचा बंधारा, ज्याला लोक केटी बंधारा म्हणतात, तो घ्या. त्याच्या खांबांमधील फळ्या पावसाळा संपल्यावर बसवावयाच्या आणि पुढचा पावसाळा सुरू होण्यापूर्वी काढावयाच्या असतात. म्हणजे दर वर्षी ही भिंत स्वतःहून नदीच्या वाटेतून बाजूला होते. वाळूने भरलेल्या गोण्यांचा वनराई बंधाराही तसाच. गरजेच्या दिवसांत पाणी थोपवितो आणि पहिल्या पुरात वाट मोकळी करतो. घोट्याच्या मर्यादेचा याहून सुंदर नमुना शोधून सापडणार नाही. परंतु फळ्या वेळेवर निघाल्या नाहीत, तर हाच बंधारा पुराला अडथळा होतो, पाणी काठ फोडून शेतात शिरते आणि चढणीचे मासे खालीच अडतात.

दुसरी भिंत भरावाची आहे. नदीपात्रात घराचा राडारोडा टाकणे, काठ भरून जागा वाढविणे, ओढ्यावर बांधकाम करणे, या कृत्यांनी नदी अरुंद होते. फिकहच्या ग्रंथांत ‘हरीम’ ही संकल्पना येते : विहीर, झरा, नहर यांच्या भोवतीची राखीव जागा. तिच्या तपशिलांत विद्वानांचे मतभेद आहेत. परंतु पाण्याला त्याची मोकळी कड हवी, हे तत्त्व त्यातून स्पष्ट होते. नदी आपली कड कधी ना कधी परत मागते. २७ जुलै २०१९ रोजी उल्हासच्या पुराने महालक्ष्मी एक्स्प्रेसला बदलापूर-वांगणीच्या दरम्यान वेढा घातला आणि सुमारे हजार प्रवाशांना बोटींनी बाहेर काढावे लागले, हे आपल्याला आठवत असेल.

तिसरी भिंत घाणीची आहे. साचलेल्या पाण्यात लघवी करण्यास आणि पाणवठ्यावर घाण करण्यास प्रेषितांनी (स.) सक्त मनाई केली. घरचे सांडपाणी, कुर्बानीच्या दिवसांतील अवशेष, कोंबडीच्या दुकानातील पिसे आणि प्लॅस्टिक नदीत सोडणारा मनुष्य नमाजी असला, तरी तो खालच्या शेजाऱ्याचा अपराधी आहे. अल्लाहचे हक्क अल्लाह माफ करील. बंद्याचा हक्क तो बंदाच माफ करू शकतो. आणि कल्याणच्या ज्या अनोळखी बालकाने ते पाणी प्याले, त्याच्याकडे माफी मागावयास आपण कोठे जाणार?

घरातून सुरुवात

ईमानच्या सत्तरांहून अधिक शाखा आहेत आणि त्यांतील सर्वांत साधी शाखा म्हणजे वाटेतील त्रासदायक वस्तू दूर करणे, ही हदीस आपण मुलांना शिकवितो. तीत वाट म्हणजे माणसांच्या येण्या-जाण्याचा रस्ता, हे खरे. परंतु नदी हीदेखील अल्लाहच्या कितीतरी जीवांची वाट आहे. त्या वाटेतील अडथळा दूर करण्याच्या मोबदल्याची आशा आपण का धरू नये?

म्हणून पुढील गोष्टी आजपासून कराव्यात. वुजू करताना नळ चालू ठेवू नये. वाहत्या नदीवर असतानाही पाण्याची उधळपट्टी नको, ही शिकवण हदीसमध्ये आली आहे. त्या रिवायतीच्या सनदीविषयी मुहद्दिसांनी चर्चा केली असली, तरी उधळपट्टीची मनाई कुरआननेच केली आहे (७:३१). मशिदीच्या विश्वस्तांनी वुजूचे पाणी झाडांना किंवा शोषखड्ड्यात सोडण्याची सोय करावी. ईदुल-अजहाचे अवशेष पुरण्याची किंवा नगरपरिषदेच्या गाडीत देण्याची व्यवस्था जमातने आधीच ठरवावी. मे महिन्याच्या अखेरीस गावातील तरुणांनी, आपल्या हिंदू व आदिवासी शेजाऱ्यांना सोबत घेऊन, जवळचा बंधारा पाहून यावा. फळ्या निघाल्या नसतील तर ग्रामपंचायतीकडे लेखी अर्ज द्यावा. मोऱ्यांत अडकलेला कचरा काढावा. निकामी झालेला, फुटका बंधारा दिसला तर तो स्वतः तोडावयास जाऊ नये. त्याची दुरुस्ती करावी की तो काढून टाकावा, हे जाणकारांकडून तपासून घेण्याची मागणी संबंधित खात्याकडे करावी. आणि वलगणीच्या दिवसांत अंड्यांनी भरलेले मासे सरसकट पकडू नयेत. पुढच्या वर्षाचा घास त्यांच्याच पोटात असतो.

कुटुंबात चर्चेसाठी

१. हजरत जुबैर (रजि.) यांना दिलेल्या दोन निवाड्यांत काय फरक आहे? पूर्ण हक्क मिळाल्यावरही कोणती सीमा उरली?

२. आपल्या घरातील सांडपाणी नेमके कोठे जाते? मुलांनी ते स्वतः पाहून यावे.

३. आपल्या गावाच्या खाली कोणती गावे नदीचे पाणी पितात? त्यांची नावे लिहावीत.

वाचकहो, कयामतच्या दिवशी प्रत्येक देणगीविषयी विचारणा होणार आहे (१०२:८). त्या दिवशी आपल्याला विचारले जाईल, की वरून आलेल्या पाण्यातील किती अडविले आणि किती पुढे जाऊ दिले. हे अल्लाह, आम्हाला गरजेपुरते घेण्याचे समाधान दे, शेजाऱ्याचा वाटा सोडण्याचे औदार्य दे आणि तुझ्या जीवांच्या वाटेतील अडथळे दूर करणाऱ्यांत आमची गणना कर. आमीन.